शपथ, अंगठी आणि सर्वेक्षणातले उत्तर

पुणे,
१८ ऑगस्ट

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या लेकीच्या, ईराच्या, वर्गातल्या दोन मुलींनी चर्चच्या कार्यक्रमात लग्नापर्यंत शरीरसंबंध न ठेवण्याची शपथ घेतली, बोटात चांदीची अंगठी घातली, आणि आता ईराही "मी घेऊ का?" म्हणून विचारते आहे, हे तुझ्या पत्रातून कळले. डॅलसमध्ये राहताना हे कधीतरी दाराशी येणारच होते. "तू आकडेवारीतली माणूस, अशा शपथांचा उपयोग होतो का ते सांग," असे तू लिहिलेस. उत्तर एका ओळीतही देता येईल, पण ते कशावरून काढले हे कळल्याशिवाय तुला पटायचे नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ही चळवळ फार जुनी नाही. १९९३ साली नॅशव्हिलमधल्या सदर्न बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळींनी 'ट्रू लव्ह वेट्स' नावाने ती सुरू केली. छापील कार्डावर मुलगा किंवा मुलगी देवाला, स्वतःला, घरच्यांना, भावी जोडीदाराला आणि पुढे होणाऱ्या मुलांनाही वचन देते आणि खाली सही करते. १९९४ च्या जुलैमध्ये अशी दोन लाखांहून अधिक कार्डे वॉशिंग्टनच्या 'नॅशनल मॉल' या मोठ्या मैदानावर मांडली होती. अंगठीची प्रथा 'सिल्व्हर रिंग थिंग' या संस्थेने नव्वदच्या दशकाच्या मध्यात लोकप्रिय केली. १९९६ च्या कायद्याने लग्नापर्यंत संयम शिकवणाऱ्या उपक्रमांना केंद्र सरकार वर्षाला ५ कोटी डॉलर देऊ लागले, आणि मग 'याचा गुण येतो का' हा प्रश्न चर्चपुरता राहिला नाही.

योगायोगाने त्याच सुमारास अमेरिकेत 'ॲड हेल्थ' नावाचे प्रचंड सर्वेक्षण सुरू झाले होते. सातवी ते बारावीच्या वीस हजारांवर मुलांच्या घरी जाऊन १९९५ मध्ये मुलाखती घेतल्या, १९९६ मध्ये बऱ्याच जणांना पुन्हा गाठले, आणि २००१-०२ मध्ये ती मुले विशीत असताना परत शोधून काढले. नाजूक प्रश्नांची पाळी आली की मुलाखत घेणारी व्यक्ती लॅपटॉप मुलाकडे वळवी. ध्वनिमुद्रित प्रश्न हेडफोनमधून फक्त त्यालाच ऐकू येई आणि उत्तराचे बटण तोच दाबी. आई शेजारच्या खोलीत असली तरी तिला काय विचारले तेही कळू नये आणि काय सांगितले तेही, अशी ती योजना होती. आपल्याकडे दारात सासू उभी आणि आत सून उत्तरे देते आहे, अशा मुलाखती मी स्वतः घेतल्या आहेत. त्यांतल्या काही रकान्यांवर माझाच विश्वास नाही.

या माहितीवरून २००१ मध्ये पीटर बेअरमन आणि हॅना ब्रुकनर या समाजशास्त्रज्ञांनी दाखवले की शपथ घेतलेल्या मुलांचा पहिला शरीरसंबंध सरासरी सुमारे दीड वर्ष लांबतो. शपथेच्या पुरस्कर्त्यांना फार आनंद झाला, पण त्याच निबंधातला पुढचा भाग त्यांनी सोडून दिला. शपथ घेणारे एखाद्या शाळेत थोडेच असतील, तरच हा परिणाम दिसे. बरेच जण घेऊ लागले की तिचे वेगळेपण संपे आणि परिणामही. शिवाय शपथ मोडणाऱ्यांनी पहिल्या वेळी गर्भनिरोधक वापरण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी होती. याच दोघांनी २००५ मध्ये पुढचा हिशेब मांडला. सर्वेक्षणाच्या तिसऱ्या, म्हणजे २००१-०२ च्या, फेरीत लघवीचे नमुने तपासले होते, म्हणजे इथे कुणाच्या शब्दावर विसंबायचे नव्हते, आणि त्यात लैंगिक संसर्गाचे प्रमाण शपथ घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोन्ही गटांत जवळपास सारखे निघाले.

मला मात्र या सगळ्यात याच सर्वेक्षणावर काम करणाऱ्या संशोधक जॅनेट रोझेनबॉम यांचे काम सर्वांत मोलाचे वाटते, कारण शपथेपेक्षा त्यांनी उत्तरांकडे निरखून पाहिले. १९९५ मध्ये ज्यांनी 'हो, मी शपथ घेतली आहे' असे सांगितले होते, त्यांतल्या ५३ टक्के मुलांनी वर्षभरानंतर 'मी अशी शपथ कधीच घेतली नाही' असे नोंदवले. मधल्या काळात ज्यांचा शरीरसंबंध आला, त्यांच्यात हा नकार अधिक होता. उलट बाजूही आहे: पहिल्या वर्षी शरीरसंबंधाचा अनुभव असल्याचे सांगून नंतर शपथ घेतलेल्यांपैकी २८ टक्के मुलांनी दुसऱ्या वर्षी तो अनुभवच नाकारला. आपल्या कानांतला हेडफोन आणि आपल्याच हातातले बटण असतानाची ही उत्तरे आहेत. समोर ना पाद्री, ना आईबाप.

याला सरसकट खोटेपणा म्हणायला माझे मन तयार होत नाही. काही जण थापा मारत असतीलच. पण सतरा वर्षांच्या मुलीला जी व्यक्ती आपण आज आहोत असे वाटते, तिच्याशी जुळेल असाच भूतकाळ ती सांगते, आणि बहुधा तिला तो खराही वाटत असतो. शपथ मोडली हे कबूल करण्यापेक्षा, ती कधी मनापासून घेतलीच नव्हती असे मानणे तिला सोपे जाते. आपल्याकडे माळकरी पुन्हा मटण खाऊ लागला तर सगळ्या गावाला कळते, त्यामुळे 'मी माळ घातलीच नव्हती' असे म्हणायची त्याला सोय नाही. कार्डावरच्या सहीला असे गाव नसते.

आता यातून होणारा घोटाळा बघ. आज एखाद्या शाळेत जाऊन 'तुम्ही शपथ घेतली आहे का?' आणि 'तुमचा शरीरसंबंध आला आहे का?' असे दोन्ही प्रश्न एकाच बैठकीत विचारले, तर शपथ मोडलेली बरीच मुले आपोआप 'घेतली नाही'च्या रकान्यात जाऊन बसतात. 'घेतली' म्हणणाऱ्यांत मुख्यतः ती पाळणारेच उरतात, आणि शपथ भलतीच प्रभावी ठरते. म्हणून रोझेनबॉम यांनी २००९ च्या अभ्यासात वेगळी वाट धरली. शपथ घेतल्याचे ज्यांनी १९९६ मध्ये सांगितले, त्यांच्या जोडीला त्यांनी शपथ न घेतलेली अशी मुले निवडली, जी शपथेच्या आधीच्या मुलाखतीत धर्म, घर, मैत्री, शरीरसंबंधाविषयीची मते अशा ११२ बाबतींत त्यांच्यासारखीच होती. पाच वर्षांनी पाहिले तर शपथ घेतलेल्यांपैकी ८२ टक्के जण ती घेतल्याचे नाकारत होते. लग्नापूर्वीचे संबंध आणि संसर्ग यांत दोन्ही गटांत फरक नव्हता. फरक होता तो निरोध आणि इतर गर्भनिरोधके वापरण्यात, आणि तिथे शपथवाले मागे होते.

कारण मला असे दिसते की पर्समध्ये निरोध ठेवायचा म्हणजे 'असे घडू शकते' हे आधी स्वतःशी मान्य करायचे. अचानक घडलेल्या गोष्टीला मन क्षमा करते, तयारी ठेवून केलेल्या गोष्टीला करत नाही. शपथ मोडल्याने जे नुकसान होते, त्याहून मोठे नुकसान ती मोडू शकते हा विचारच बंद केल्याने होते.

एक आणखी प्रयोग सांगते, कारण 'मुली खरे सांगतात' असे तू लिहिले आहेस. २००३ मध्ये मिशेल अलेक्झांडर आणि टेरी फिशर या संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आजवरच्या जोडीदारांची संख्या विचारली. आपले उत्तर कुणीतरी पाहील असे वाटत असताना मुलींची सरासरी २.६ आली, पूर्ण गुप्ततेत ३.४, आणि खोटे पकडणाऱ्या यंत्राला जोडले आहे अशी समजूत करून दिल्यावर ४.४. मुलांच्या उत्तरांत इतका फरक पडला नाही. आपल्याकडे २००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांतल्या तरुणांच्या मोठ्या सर्वेक्षणात म्हणूनच मुलाखतीच्या शेवटी एक कार्ड देत. त्यावर खूण करायची आणि ते पाकिटात बंद करून परत द्यायचे. मला ही साधी युक्ती फार आवडते.

तेव्हा ईराला अंगठी घालू नकोस असे तू सांगू नये, असे माझे मत आहे. तुम्ही त्या चर्चचे नाही, त्यामुळे ती मैत्रिणींसाठीच घालेल, आणि विरोध केलास तर अंगठीचे महत्त्व वाढेल. 'तू पाळतेस ना?' असेही विचारू नकोस; त्या प्रश्नाला एकच उत्तर मिळते आणि ते तुला आधीच ठाऊक आहे. मात्र अंगठी घालो वा न घालो, गर्भनिरोधके कुठे मिळतात, कशी वापरतात, आणि गडबड झाली तर रात्री दोन वाजतासुद्धा तुला फोन करता येईल, हे तिला एकदा नीट सांग. संकोच वाटत असेल तर मला व्हिडिओ कॉल लाव, मी बोलते. आणि एचपीव्हीची, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणाऱ्या आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग करू शकणाऱ्या विषाणूवरची, लस तिला दिली आहे का ते डॉक्टरांकडे तपासून घे. तुमच्याकडे अकरा-बाराव्या वर्षीच द्यायची शिफारस आहे, राहिली असेल तर अजूनही देता येते. दिलीपरावांना नमस्कार.

तुझी,
मेधा