मागचा ड्रम उघडून दाखवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

माझ्याकडे २००४ ची मारुती ८०० आहे. १५ वर्षं झाल्यावर २०१९ ला पासिंग केलं, २०२४ ला परत केलं, दोन्ही वेळा पर्यावरण कर भरला, कागदं सगळी क्लिअर आहेत. हे आधी सांगतोय कारण जुन्या छोट्या गाड्यांचा विषय निघाला की बोलणं लगेच कागदांवर, धुरावर आणि भंगारावर जातं, मागच्या चाकांच्या ब्रेकबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मला त्याबद्दलच लिहायचंय.

गेल्या जुलैत कोल्हापूरहून बहिणीकडे रत्नागिरीला निघालो होतो, गाडीत बायको आणि आई. आंबा घाट अर्धा उतरलो आणि पायाखाली ब्रेक मऊ लागायला लागला, पहिल्या दाबात पॅडल खूप खाली जायचं, दोन-तीनदा पंप केलं की धरायचा, आणि ब्रेक मारला की गाडी किंचित उजवीकडे ओढायची. पाऊस चालू, धुकं, मागे ट्रक. दुसऱ्या गिअरवर हळूहळू साखरप्यापर्यंत आणली. तिथे एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांनी वाकून बघितलं तर डाव्या मागच्या टायरच्या आतल्या बाजूने ओला ओघळ, आणि बॉनेटखालच्या डब्यात ब्रेक ऑइल मिनिममच्या खाली.

आता मुख्य गोष्ट. बरोबर तीन आठवडे आधी कोल्हापुरात एका गॅरेजमध्ये मी गाडी दिली होती आणि बिलावर स्पष्ट लिहिलं होतं 'ब्रेक सर्व्हिसिंग'. काकांनी चाक काढलं, ड्रमच्या (मागच्या चाकाचा ब्रेक ज्या गोल डब्यात बसतो तो) मधली टोपी काढली, तर आतल्या नटाची स्प्लिट पिन गंजून जागेवरच चिकटलेली, पक्कडने तोडून काढावी लागली. ही पिन काढल्याशिवाय नट निघत नाही आणि नट निघाल्याशिवाय ८०० चा ड्रम निघत नाही. म्हणजे तो ड्रम कित्येक वर्षांत कुणी उघडलाच नव्हता, गॅरेजवाल्यांनी फक्त पुढच्या ब्रेकचे पॅड साफ केले, हँडब्रेकची केबल आवळून दिली आणि पैसे घेतले. हँडब्रेक थोडा ओढला तरी लागायला लागला म्हणून मी पण खूश होतो.

ही केबल आवळायची सवय फार वाईट आहे. शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या वाकड्या पट्ट्या) झिजले की हँडब्रेक जास्त वर ओढावा लागतो, ती गाडी आपल्याला देत असलेली सूचनाच आहे, आणि केबल आवळली की सूचना बंद होते, शू मात्र तेवढेच झिजलेले राहतात. शिवाय केबल जास्त ताणली गेली तर शू पूर्ण मागे जात नाहीत, शू आणि ड्रममधलं अंतर राखणारा आतला अ‍ॅडजस्टर नीट काम करत नाही, ड्रम घासून तापत राहतो. आधी ड्रम उघडून शू बघायचे, अ‍ॅडजस्टर मोकळा करायचा, केबल सगळ्यात शेवटी.

आमच्या गाडीत व्हील सिलिंडरचा (ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलणारा भाग) रबरी कप फाटला होता आणि ऑइल सगळं शूवर आलं होतं. मी काकांना म्हटलं, पॉलिश पेपर मारून बसवता येतील का, रत्नागिरी गाठायचीय. त्यांनी चक्क नाही म्हणून सांगितलं. लायनर (शूवरचा घासणारा थर) ऑइल पितं, वरून घासलं तर कोरडं दिसतं, पण दोन-चार ब्रेक मारून गरम झालं की आतलं ऑइल परत वर येतं. आणि एका चाकाचेच शू नवे टाकले तर दोन्ही बाजूंची पकड सारखी राहत नाही, म्हणून टाकायचे तर दोन्ही चाकांचे. सिलिंडर आणि शूचा सेट संध्याकाळच्या एसटीने देवरुखहून आला, तोवर आम्ही तिथेच बसून होतो. स्प्रिंगा त्यांनी ताणून बघितल्या, सैल पडलेल्या दोन बदलल्या, स्प्लिट पिन नवी घातली (जुनी परत वापरायची नाही म्हणाले), ऑइलच्या नळ्यांतली एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून (पॅडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात केली. एवढा वेळ देऊन, समजावत काम करणारा माणूस मला कित्येक वर्षांत भेटला नव्हता.

ब्रेक ऑइलबद्दल पण लिहितो कारण नावामुळे गैरसमज होतो. ते इंजिन ऑइलसारखं ऑइल नाहीये, डब्यात चुकून इंजिन ऑइल पडलं किंवा रबरी कप पेट्रोल-रॉकेलने धुतले तर रबर फुगतं आणि सगळी सिस्टीम खराब होते. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवं असताना किमान २०५ अंशाला उकळायला हवं असा नियम आहे, पाणी शोषलेल्यासाठी तोच आकडा १४० वर येतो. घाटात ब्रेक तापतात आणि ऑइल उकळलं की आत वाफ होते, मग पॅडल दाबलं तरी नुसती वाफच दाबली जाते. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलायचं आणि अर्धी राहिलेली जुनी बाटली वापरायची नाही. आमच्याकडे पावसाळ्यात महिना महिना हवा ओली असते, तिथे तर नाहीच.

८०० चं प्रॉडक्शन २०१४ ला थांबलं, म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी नव्यातली नवी ८०० पण दहा वर्षांच्या पुढची आहे. या गाड्या बहुतेक निवृत्त माणसांकडे, शाळामास्तरांकडे, छोट्या दुकानदारांकडे आहेत, दिवसाला दहा किलोमीटर चालतात. शहरात पुढच्या चाकांच्या डिस्क ब्रेकवर काम भागतं, मागचं काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा माणूस घाटात असतो. पासिंगला ब्रेक किती पकडतो ते बघतात, पण त्या दिवशी ब्रेक पकडला म्हणजे आत सिलिंडर पाझरायला लागलेला नाही असं होत नाही. माझी आरटीओला विनंती आहे की १५ वर्षांपुढच्या गाडीच्या नूतनीकरणाला मागचे ड्रम उघडून तपासल्याचं गॅरेजचं बिल मागावं, त्यात शू, सिलिंडर, ड्रम यांची अवस्था लिहिलेली असावी. आणि गाडीमालकांनी ड्रम उघडताना समोर उभं राहावं, काढलेले पार्ट परत मागावेत. ड्रमला खोल चरे असतील तर लेथवर टर्निंग करून मिळतं, आपल्या उद्यमनगरात त्याची काय कमी, पण ड्रमच्या कमाल व्यासाची मर्यादा ठरलेली असते, त्याच्या पुढे गेला तर टर्निंग न करता ड्रमच बदलायचा.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात जास्त लागलं. घरी आल्यावर दुसऱ्या गॅरेजमध्ये उजवा ड्रम परत दाखवला, तिथला सतरा-अठरा वर्षांचा पोरगा ड्रम उघडून थेट एअर गन मारायला लागला, काळी धूळ त्याच्या तोंडावर. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि आपल्या देशात पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर अजून सरसकट बंदी नाहीये, त्यामुळे कुठल्या पाकिटात काय हे बाहेरून कळत नाही. त्याची धूळ फुफ्फुसात गेली तर कॅन्सरचा धोका असतो आणि आजार दिसायला वीस-तीस वर्षं जातात. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या तब्येतीचं रेकॉर्ड नोकरीला लागल्यापासून किमान ४० वर्षं ठेवायला सांगितलं. गॅरेजमधल्या या पोरांचं रेकॉर्ड कोण ठेवतंय? मी त्याला थांबवलं, पाण्याने ड्रम ओला करून ब्रशने धुवायला सांगितलं, मालकाला पण बोललो, त्यांनी ऐकून घेतलं. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा ड्रमच्या कामाजवळ पाण्याची बादली आणि ब्रश ठेवलेला होता, पोराच्या तोंडाला मास्क मात्र नव्हता. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवणाऱ्या सरांनी हे पत्र वाचलं तर वर्गात एवढं जरूर सांगावं.

आपला,
एक नियमित वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर