डिचोलीच्या धुळीतला कण

डिचोली

प्रिय विन्या,

दोन वर्षं पत्र नाही, कबूल. शिव्या चतुर्थीला आलास की समोर बसवून घाल. तब्येत ठीक, शुगर होती तिथंच.

लिहायला बसलो ते एका कणासाठी. आपलं २००८ चं भांडण आठवतंय ना, ब्राउनलीआइट या खनिजाचं? नासाच्या नाकामुरा-मेसेंजर बाईंच्या गटानं ग्रिग-स्केलरुप धूमकेतूच्या धुळीतलं म्हणून दाखवलेलं मँगनीज सिलिसाइड. तू हट्टाला पेटला होतास, ‘त्यातला सिलिकॉन पट्टीवरच्या तेलातून आला!’ विमानाच्या पंखाखालच्या, धूळ पकडायच्या पट्ट्यांना सिलिकॉन तेल फासलेलं होतं, एवढं तुझं खरं. पण कण हेक्सेननं धुतात, तेलात मँगनीज नसतं, आणि ४.५६ अँगस्ट्रॉमची घनाकृती अणूंची जाळी तेलातून येत नाही. तेव्हा तू हरलास. आता मात्र मला तुझीच भाषा बोलावी लागतेय.

गच्चीच्या पन्हळीतली धूळ, पिशवीत गुंडाळलेल्या लोहचुंबकानं वेचलेली, इपॉक्सीत बसवून घासलेली. एका कणाच्या ईडीएसमध्ये, म्हणजे क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखायच्या आलेखात, १.७४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला सिलिकॉनचं शिखर, ५.९० ला मँगनीजचं. पहिली शंका क्रोमियमची, त्याचं दुसरं शिखर ५.९५ ला असतं. पण ५.४१ ला काहीच नाही, म्हणजे तो सुटला. मँगनीजचं दुसरं शिखर ६.४९ ला शोधावं तर शेजारी लोखंडाचं ६.४० पाय पसरून बसलेलं. डिचोलीच्या धुळीत लोखंड नाही असं कधी झालंय? ऑक्सिजन तर त्याहून छळतो. सिलिसाइडमध्ये तो नको, पण त्याचं ०.५२ आणि मँगनीजचं ०.६४ एकमेकांत मिसळतात. शिवाय १५ किलोव्होल्टला इलेक्ट्रॉनांचा झोत दोन-तीन मायक्रॉन खोल आणि रुंद पसरतो. शेजारी वाळूचा कण असला तर सिलिकॉन फुकटात. मँगनीजची तर केपे-सांग्याकडे खाणच आहे.

आणि चुंबक! मँगनीज सिलिसाइड घरच्या तापमानाला चुंबकाला चिकटतच नाही. चिकटलं ते अंगावरच्या लोखंडामुळे. तू हसतोयस, दिसतंय मला.

खरी भीती वेगळीच आहे. समज, सिलिसाइड निघालंच. तरी सिलिकोमँगनीज पोलादाच्या भट्टीत टाकतात, त्याचा चुरा कुठूनही उडून येईल. खाली वेल्डिंगवाला आहे, तो निराळाच. ते लोक २० किलोमीटर उंच गेले ते याचसाठी. एप्रिल २००३ मध्ये पृथ्वी त्या धूमकेतूच्या धुळीच्या पट्ट्यातून जाणार हे गणित आधी मांडलं, मगच पट्ट्या उघडल्या. माझी पन्हळ सदा उघडीच. इथं ‘आकाशातून आलं’ म्हणायला कणातले समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू, तपासावे लागतील. नवं खनिज म्हणून नाव तर मिळणारच नाही, ते अंतराळातल्या धुळीचे अभ्यासक ब्राउनलीसाहेब यांच्या नावे लागून चुकलंय.

तुझ्या बदलीचं कळलं. नलूमावशीचा गुडघा कसा आहे? धाकटीची दहावी ना यंदा?

तर कण बसवलेला इपॉक्सीचा ठोकळा पाठवतोय. तुमच्या टीईएमसाठी, म्हणजे आरपार पाहणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी, ७० नॅनोमीटरचे काप काढ. हिऱ्याच्या सुरीखाली कण ठिसूळ निघेल, तुकडे उडतील, म्हणून दहा-बारा काप तरी घे. विवर्तनात (अणूंच्या थरांमधलं अंतर सांगणाऱ्या वलयांत) २.०४ अँगस्ट्रॉमला वलय दिसलं म्हणून नाचू नकोस, साधं लोखंडही २.०३ ला देतं. ३.२२ आणि २.६३ दोन्ही दिसली तरच फोन कर, रात्री असली तरी. झोतात ऑक्सिजन दिसला तर पत्रच टाक, सावकाश.

त्याच खोक्यात आईनं कोकमाची सोलां घातलीयत. कणाची डबी आधी बाहेर काढ, आणि काचेच्या पट्टीवर ठेवू नकोस. काच म्हणजे परत सिलिकॉनच.

तुझा,
बाबल