फ्रिजमधल्या सुया

पुणे, 12 जुलै

प्रिय बाळ्या,

दोन वर्षं पत्र नाही, फोन नाही. आधी शिव्या घालून घे, मग वाच. माझी साखर ताब्यात, गुडघा तसाच. आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा.

तिला एरिथ्रोपोएटिन देतात. किडनी गेली की ते शरीरात पुरेसं बनत नाही, रक्त कमी पडतं, म्हणून बाहेरून. हो, तेच आपलं ईपीओ, सायकलपटू दम वाढवायला चोरून घेतात ते! भरलेल्या सुया फ्रिजच्या दारात असतात, कोथिंबिरीच्या डब्याला खेटून. परवा मोजल्या. पाच हव्या होत्या, चार निघाल्या. आणि ओंकार गेल्या महिन्यात सायकलवर सिंहगडाचा घाट चार मिनिटं कमी वेळात चढला.

हसू नकोस. 2011 साली टायलर हॅमिल्टन, माझ्या लाडक्या लान्स आर्मस्ट्राँगचा संघातला जुना साथीदार, अमेरिकेच्या टीव्हीवर म्हणाला, मी लान्सच्या फ्रिजमध्ये ईपीओ पाहिलं. मी काय बोललो होतो? ‘दुसऱ्याच्या फ्रिजात डोकावणाऱ्याचं काय ऐकायचं!’ तू मला पुजारी म्हणालास. मग मी तुझा लाडका इटालियन सायकलपटू पँटानी काढला: 1999, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, 52 टक्के, मर्यादा 50, जिरो ही इटलीची मोठी शर्यत जिंकत आलेला गडी दोन टप्पे उरले असताना घरी. चार महिने अबोला. 2013 च्या जानेवारीत लान्सने टीव्हीवर ओप्रासमोर ईपीओ घेतल्याचं कबूल केलं, तेव्हा तू फोन करून नुसता खोकलास. हलकटा.

आता माझ्याच फ्रिजात मी डोकावतोय. एका सुईने घाट सोपा होत नाही, लाल पेशी वाढायला आठवडे लागतात. म्हणजे एकतर पोरगं स्वच्छ आहे, नाहीतर मी मोजायला उशिरा लागलो. रक्त घट्ट झालं की गुठळ्या होतात, हृदयावर ताण येतो, हे तूच मला शिकवलंस. रात्री दोनदा उठून त्याचा श्वास ऐकला, तान्हा होता तेव्हा ऐकायचो तसा. हिला सांगितलेलं नाही.

तुझं घराचं काम कुठवर आलं? वहिनींना नमस्कार. चिमीचा निकाल कळव.

सुई आम्ही बर्फाच्या डब्यातून सेंटरला नेतो, तिथे सिस्टर वहीत नोंद करतात. एखादी जास्तीची दिली असेल तर त्यातच कळेल. काल त्यांनी सही करायला वही पुढे केली. मागचं पान उलटायचं होतं फक्त. मी चष्मा विसरलोय म्हणालो, त्यांनी बोट ठेवलं तिथे सही केली. चष्मा खिशात होता.

फोन कर. खोकू नकोस.

तुझा,
सुध्या