जमिनीच्या नोंदी आधी नीट करा, मग ब्लॉकचेन

संपादक महोदय,
सध्या जिकडेतिकडे ऐकू येतंय की ब्लॉकचेन, म्हणजे अनेक कॉम्प्युटरवर एकाच वेळी ठेवलेली, गुपचूप बदलता न येणारी डिजिटल नोंदवही, आली की जमिनीचे घोटाळे संपणार. आमच्या रामबागेतल्या घराच्या नामांतरणासाठी, म्हणजे घर नावावर करून घ्यायला, मी दोन वर्षं चकरा मारल्या, कारण काय तर आजोबांचं नाव रजिस्ट्रीत एक आणि महापालिकेच्या रेकॉर्डमधे दुसरंच. आता हीच चुकीची नोंद उद्या ब्लॉकचेनवर चढवली तर ती पुसता येत नाही, म्हणजे चूकच कायमची पक्की झाली ना? वर दुरुस्तीची नवी नोंद जोडता येते, कुणी कधी बदल केला ते दिसतं, हा फायदा मला मान्य आहे आणि तो मोठा आहे. पण पहिली नोंद खरी की खोटी हे मशीन सांगत नाही, ते तलाठी-पटवाऱ्यालाच बघावं लागतं.

दाखल्यांचं मात्र वेगळं. 2022 मधे गडचिरोलीतल्या एटापल्लीत जातीचे दाखले ब्लॉकचेनवर टाकले, तिथे खोटा दाखला लगेच पकडता येतो, हे काम खरंच उपयोगाचं. मार्कशीट, डिग्रीचंही इंदूरमधे असंच करा, मुलांचं व्हेरिफिकेशन महिनोन्‌महिने अडकतं.

आणि ब्लॉकचेनला वीज खूप लागते म्हणून घाबरू नका, इथेरियम या मोठ्या ब्लॉकचेन नेटवर्कने सप्टेंबर 2022 मधे पद्धत बदलून विजेचा वापर 99 टक्क्यांहून जास्त कमी केलाय. खरी अडचण चुकीच्या नोंदींची आहे, म्हणून महापालिकेला विनंती, आधी जुने रेकॉर्ड घरोघरी जाऊन तपासा.

— एक वाचक, रामबाग, इंदूर