चार नंबरच्या कुत्र्याचे पुढे काय झाले?

प्रति,
माननीय पर्यावरण, अन्न आणि ग्रामीण व्यवहार मंत्री,
ब्रिटिश सरकार, लंडन

महोदय,

मी मूळची पुणे जिल्ह्यातील असून गेली चौदा वर्षे इंग्लंडमध्ये नोकरी करते. गेल्या महिन्यात एका सहकाऱ्याच्या निवृत्तीनिमित्त आम्ही आठ जण ग्रेहाऊंड कुत्र्यांच्या शर्यती पाहायला गेलो होतो. काचेआड जेवणाची टेबले, टेबलापाशी येऊन पैजा घेणारी माणसे, खाली दिव्यांच्या झोतात पाणी मारलेली वाळू आणि थोड्या थोड्या वेळाने एक शर्यत, असा तो सारा थाट होता. संध्याकाळ छान चालली होती, हे मी मान्य करते. निळ्या जॅकेटातल्या दोन नंबरच्या कुत्र्यासाठी मीही घसा बसेपर्यंत ओरडले.

पाचव्या शर्यतीत कठड्यालगतचा यांत्रिक ससा पुढे सरकला, ट्रॅपची, म्हणजे कुत्रे सोडायच्या पेट्यांची, दारे उघडली आणि पहिल्या वळणावर सहाही कुत्रे एकदमच आतल्या बाजूला घुसले. काळ्या जॅकेटातला चार नंबरचा कुत्रा धडक बसून कोलमडला, उठला आणि मागचा उजवा पाय उचलून धरून तिथेच उभा राहिला. अर्ध्या मिनिटात निकाल लागला. दोन माणसे त्याला उचलून आत घेऊन गेली, वाळू सारखी केली गेली, विजेत्याचे नाव पुकारले गेले. चार नंबरविषयी मात्र एक शब्दही कोणी उच्चारला नाही. मी चौकशी केली तेव्हा 'डॉक्टर पाहत आहेत' असे सांगितले गेले आणि दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा ती माहिती देता येत नाही, असे उत्तर मिळाले.

घरी येऊन वाचले, तेव्हा कळले की तो उजवा पाय हा योगायोग नसावा. हे कुत्रे ताशी साठ किलोमीटरहून अधिक वेगाने नेहमी डावीकडेच वळतात, त्यामुळे मागच्या उजव्या घोट्यावर पुन्हा पुन्हा ताण येतो आणि तिथले हाड मोडणे ही या शर्यतींतील नेहमीची दुखापत आहे. शर्यतींचे नियमन करणाऱ्या मंडळाच्याच आकडेवारीनुसार २०२४ मध्ये ३,८०९ दुखापती झाल्या आणि १२३ कुत्रे ट्रॅकवर दगावले. मात्र हे आकडे साऱ्या ट्रॅकचे मिळून दिलेले असतात. कोणत्या ट्रॅकवर, कोणत्या वळणावर किती कुत्रे जायबंदी झाले, हे तिकीट काढणाऱ्याला कळायला वाव नाही. इंग्लंडमधील २०१० च्या नियमांनुसार शर्यतीच्या वेळी पशुवैद्य हजर असावा लागतो आणि दुखापतींची नोंदही ठेवावी लागते. म्हणजे माहिती आहे; ती फक्त कपाटात आहे.

ब्रिटनमध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू येथे २४ जुलै १९२६ रोजी सुरू झालेल्या या खेळाविषयी न्यूझीलंडने डिसेंबर २०२४ मध्ये आणि वेल्सच्या सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंदीचा निर्णय जाहीर केला. इंग्लंडने काय करावे, याचा निर्णय संसद घेईल. मला स्वतःला त्या रात्रीनंतर पुन्हा तिकडे जावेसे वाटत नाही. आमच्या गावच्या यात्रेत बैलगाडा शर्यती होतात आणि त्यांच्यावरही आक्षेप आहेत, त्यातले काही मला पटतात. पण शर्यतीच्या घाटात बैल अडखळला, तर तो कोणाचा आणि त्याला किती लागले, हे पुढची बारी सुटायच्या आत गावभर झालेले असते.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे की, २०१० च्या नियमांत दुरुस्ती करून प्रत्येक ट्रॅकवरील दुखापती, त्यांवरील उपचार आणि मृत्यू यांची माहिती शर्यतीनिहाय व ठरावीक मुदतीत जाहीर करणे बंधनकारक करावे. त्या रात्रीच्या कार्यक्रमपत्रिकेचे पान सोबत जोडले आहे. पाचव्या शर्यतीपुढे चार नंबरच्या कुत्र्याचे नाव छापलेले आहे. त्याचे पुढे काय झाले, हे आपल्या कार्यालयाने कळवावे.

आपली विश्वासू,
इंग्लंडमधील एक मराठी रहिवासी