कॉम्प्युटरचं बोर्ड गेलंय म्हणायच्या आधी कूलरचा पंप बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी टॉवेल आणि चादरीची डिझाईन काढून देतो, २२ वर्षं हेच काम. आधी ग्राफ पेपरवर चौकटी रंगवायच्या आणि पंच कार्ड पाडून घ्यायची, आता सगळं कॉम्प्युटरवर, फाईल पेनड्राईव्हवर घालून कारखान्यात इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला (मागावर नक्षी पाडणारं यंत्र) द्यायची. म्हणजे माझा कॉम्प्युटर बंद पडला की फक्त माझंच काम थांबत नाही, तिकडं अक्कलकोट रोड एमआयडीसीत माग पण फाईलची वाट बघत उभा राहतो आणि कामगाराची हजेरी बुडते. म्हणून हे पत्र लिहितोय, थोडं लांब झालं तरी कृपया छापा.

झालं असं की एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात माझा कॉम्प्युटर आपोआप बंद व्हायला लागला. बाहेर ४२-४३ डिग्री, खोलीत पंखा सुद्धा गरम हवा टाकतोय, मला वाटलं उन्हामुळं होत असेल. चालू केलं की पाच मिनिटं चालायचं, मोठी फाईल उघडली की दोनच मिनिटं, मग स्क्रीन काळी. दुकानात नेलं (दुकानाचं नाव लिहीत नाही, माझं भांडण एका दुकानाशी नाही), त्यांनी अर्ध्या तासात सांगितलं, "काका, प्रोसेसर गेलाय, बोर्ड पण धरून चाला, ३४ हजार लागतील की ओ." माझ्या मशीनमध्ये प्रोसेसर गार ठेवायला पाणी फिरवणारा लिक्विड कूलर आहे, म्हणून मी विचारलं त्या कूलरचा पंप बघितला का, तर म्हणाले, "लाईट लागालीय की, पंप चालूच हाय."

इथंच सगळी चूक आहे आणि ती भल्याभल्यांची होते. लिक्विड कूलरमध्ये प्रोसेसरवर एक तांब्याची प्लेट बसते, बहुतेक मॉडेलमध्ये तिच्यावरच्या डब्यातच छोटा पंप असतो, तिथून दोन रबरी पाईप रेडिएटरला जातात आणि रेडिएटरवर पंखे, गाडीच्या इंजिनला असतं तसंच. आता त्या डब्यावर जी रंगीत लाईट लागते ना, तिची वायर बऱ्याचदा वेगळी असते, पंपाच्या मोटरची वेगळी. मोटर मरून पडली तरी लाईट झगझगत राहते. पंखे पण फिरत राहतात कारण त्यांची वायर पण वेगळीच. बघणाऱ्याला वाटतं सगळं चालू आहे आणि आत पाणी जागच्या जागी तापत राहिलेलं असतं.

मी मशीन तसंच घरी आणलं. माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, त्यानं व्हिडिओ कॉलवर एकेक करून तपासायला लावलं. आधी विंडोज चालू न करता बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा सेटिंगचा स्क्रीन) जाऊन नुसतं बसायचं, तिथं प्रोसेसरचं टेम्परेचर आणि पंपाचा आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, दोन्ही दिसतं. ठणठणीत मशीनचं टेम्परेचर थोडं चढतं आणि एका आकड्यावर थांबतं. माझं थांबेचना, ५२, ६०, ७१, दोन मिनिटांत ९० च्या पुढं, आणि पंपाच्या नावापुढं आरपीएम शून्य. प्रोसेसर १०० च्या आसपास गेला की आधी स्वतःच वेग कमी करतो आणि तरी भागलं नाही तर मशीन बंद पाडतो, स्वतःला वाचवायला. म्हणजे दुकानदार ज्याला मेलेला म्हणत होते तो प्रोसेसर खरं तर स्वतःला जपत होता.

मग मशीन चालू ठेवून पाईपला हात लावायला सांगितलं. पंप चालू असेल तर दोन्ही पाईप जवळजवळ सारखेच कोमट लागतात, रेडिएटर पण कोमट. माझ्याकडं डब्याजवळ चटका बसत होता आणि रेडिएटर एकदम गार, म्हणजे पाणी फिरतच नाही. डब्यावर बोट ठेवलं तर मोटरची बारीक थरथर लागायला पाहिजे, ती पण नाही.

एवढ्यावर पंप गेला म्हणून मोकळं व्हायचं नाही हे भाच्यानं बजावून सांगितलं. पंपाची पिन बोर्डवर दुसऱ्या जागी लावून बघायची, पॉवर सप्लायची वायर सैल आहे का बघायची, आणि बायोसमध्ये पंपाला फुल स्पीड द्यायचा, कारण कोणीतरी आवाज कमी करायच्या नादात तो पंख्यासारखा हळू करून ठेवलेला असतो. कधी आरपीएम सांगणारी वायरच तुटलेली असते आणि पंप मजेत चालू असतो. उलट पण होतं, आरपीएम बरोबर दिसतो पण प्लेटमधल्या केसासारख्या बारीक खाचांत गाळ बसलेला असतो. म्हणून आकडा आणि हाताचा अंदाज दोन्ही जुळले पाहिजेत.

आणि हवा. हे सोलापूरकराला समजावून सांगायला नकोच, आपल्याकडं काही दिवसांआड पाणी येतं आणि मोटरीनं हवा धरली की काय होतं हे घरातल्या लहान पोराला पण माहीत आहे. इथं पण तेच. चार-पाच वर्षांत पाईपमधून थोडं थोडं पाणी झिरपून उडून जातं, आत हवा होते, आणि पंप सगळ्यात वर बसलेला असेल तर ती हवा थेट पंपातच जाऊन बसते, खळखळ आवाज येतो. रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच पाहिजे. मशीन बंद करून कॅबिनेट हळू आडवंतिडवं करून परत चालू केलं तर कधी कधी पंप धरतो. माझ्यात नाही धरला, तीन वेळा करून बघितलं, दोन पिनांवर लावून बघितलं, मोटरच गेली होती.

शेजारच्या एकानं सल्ला दिला की खोलून बोअरचं पाणी भरा. कृपा करून कोणी हे करू नका. हे कूलर सीलबंद असतात, आणि आपलं क्षारांचं पाणी त्या बारीक खाचांत पांढरा थर धरेल, एक थेंब बोर्डवर पडला तर मग खरंच बोर्ड जाईल.

शेवटी मी प्रोसेसरवर पाण्याऐवजी पंख्यानं गार करणारा साधा एअर कूलर बसवला, २,६०० रुपये, प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावायच्या पेस्टची ट्यूब त्यातच आली. तोच प्रोसेसर, तेच बोर्ड, दुपारी दोन वाजता फुल लोडवर ७६ डिग्री. ३४ हजाराचं काम २,६०० त झालं. माझ्यासारख्या जुन्या माणसाला सांगणारं घरचं पोरगं होतं म्हणून, नाहीतर मी पैसे भरलेच असते, माग थांबला होता ना.

दुकानदार मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, मोठा खर्च सांगायच्या आधी बायोसमधलं टेम्परेचर आणि पंपाचा आरपीएम गिऱ्हाईकाला दाखवा, पावतीवर लिहून द्या, आणि काढलेला पार्ट परत द्या. यात दहा मिनिटं जातात. आणि कूलरची वॉरंटी वेगळी असते हे विकतानाच सांगा, बऱ्याच कंपन्या ३ ते ६ वर्षं देतात, माझ्या कूलरला ५ वर्षं होती पण मी फक्त मशीनचं बिल जपलं, कूलरचं कुठं गेलं माहीत नाही. कंपन्यांनी पण सोलापुरात निदान पार्ट जमा करायची सोय करावी, कुरिअरनं पुण्याला पाठवून पंधरा दिवस थांबणं धंदेवाल्याला परवडत नाही.

माग असलेल्या घरांना एक वेगळं सांगतो, कापसाचे बारीक तंतू रेडिएटरच्या जाळीत गोधडीसारखे बसतात, पंप चांगला असून पण मशीन तापतं. महिन्यातून एकदा मशीन बंद करून, पंखा बोटानं धरून ब्लोअर मारा. पंखा मोकळा फिरू दिला तर तो पण जाऊ शकतो.

अजून मे जायचा आहे, तेव्हा हे पत्र लवकर छापलं तर बरं होईल.

आपला,
एक टॉवेल डिझायनर, साखर पेठ, सोलापूर