ताई, खालचा बर्थ आजींनाच मिळाला

ताई,
स. न. वि. वि.

फोनवर घाईघाईत 'थँक्यू' म्हणालो होतो, तेवढ्याने समाधान झालं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. माझ्यासारखं आणखी कुणी त्याच खड्ड्याकडे निघालं असेल तर वाचेल.

आमच्या सोसायटीच्या काशीयात्रेचा नोंदणी फॉर्म मी केला. रेल्वेच्या आरक्षण अर्जात सहा जणांची जागा, म्हणून मीही सहाच ओळी दिल्या. पहिल्याच दिवशी नऊ जणांच्या घरातून फोन! मग 'आणखी एक यात्री' असं बटण लावलं, रकान्यांच्या नावापुढे रिकामे चौकटी कंस टाकले, आणि पीएचपीने (सर्व्हरवर फॉर्म वाचणारी प्रोग्रामिंगची भाषा) सगळी नावं अ‍ॅरेत, म्हणजे ० पासून क्रमांक लावलेल्या यादीत, गोळा करून दिली. 'खालचा बर्थ हवा' या चेकबॉक्सच्या, म्हणजे टिक करायच्या चौकोनाच्या, खुणाही तशाच. मी खूश. यादी छापली तर दहा वर्षांचा नातू खालच्या बर्थवर आणि गुडघे धरलेल्या आजी वर.

रात्री साडेअकराला तुम्हाला उठवलं. कोड पाठवू का विचारलं, तर म्हणालात, "कोड राहू दे. चार माणसं भर, शेवटच्या दोघांनाच टिक कर, आणि सर्व्हरवर काय काय पोचतं ते मोज." नावं चार आली, टिक दोनच. टिक न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही! दोन वर्षं फॉर्म करतोय, हे ठाऊक नव्हतं. त्या दोन खुणा ० आणि १ क्रमांकावर, म्हणजे पहिल्या दोघांच्या नावावर जाऊन बसल्या होत्या.

मग तुम्ही कंसात क्रमांक घालायला लावलात. एका माणसाचं नाव, वय, बर्थ, सगळ्यांच्या कंसात तोच आकडा. मधली ओळ कुणी काढली तर? "गेलेला नंबर गेला, परत वापरू नकोस." माझा फॉर लूप, म्हणजे यादीतली माणसं एकेक करून वाचणारा कोड, शून्यापासून मोजत जायचा, मधे एक आकडा गळला की शेवटचा माणूस यादीबाहेर. तिथे फोरीच आला, तो यादीत जे क्रमांक आहेत तेवढेच एकेक घेतो. ओळीची नक्कल करताना आयडीही (लेबल कुठल्या चौकोनाचं ते सांगणारी ओळखनावं) जशाच्या तशा उतरत होत्या, त्यामुळे पाचव्या ओळीतल्या लेबलवर बोट ठेवलं की टिक पहिल्या ओळीत व्हायची. तेही तुम्हीच विचारून काढून घेतलंत.

आणि फोन ठेवता ठेवता, "एका पानावर किती जण?" मी म्हटलं, संयोजकांच्या पानावर सगळे १२०, प्रत्येकी नऊ रकाने. म्हणजे १०८०. पीएचपी मुळात १००० च घेतं. पुढचे रकाने टाकून देतं आणि लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, एक इशारा लिहितं. तो लॉग मी कधी उघडला होता! आता त्या पानाचे कुटुंबवार तुकडे केले आहेत.

आजी खालीच झोपल्या. परत आल्यावर त्यांनी गंगाजलाची एक लोटी तुमच्यासाठी दिली आहे. मी रविवारी घेऊन येतो.

तुमचा,
साडेअकराचा फोनवाला

ता. क. 'काढा' बटण आता एकच ओळ उरली की दिसत नाही. परवा एका काकांनी स्वतःलाच काढून फॉर्म पाठवला होता.